समोरच्या गॅलरीत, व्हाया न्यूयॉर्क

चपला दाराबाहेर काढा आणि आत या. फरशीवर पाय ठेवा, बरं वाटेल. मे महिन्यातल्या या दुपारी घरात गार म्हणावी अशी एवढीच एक गोष्ट आहे. साल २००३. जागा प्रभादेवी, दुसरा मजला, रस्त्याकडची गॅलरी. डोक्यावरचा पंखा गरम हवाच इकडून तिकडे फिरवतोय. स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्यात, त्यांचा आंबट वास दिवाणखान्यापर्यंत आलाय. खिडकीतून ओहोटीच्या चिखलाचा वास येतो, मध्येच वीर सावरकर मार्गावरच्या बसचा धूर. मंगळवार असल्यामुळे सिद्धिविनायकाच्या रांगेचा गलका दुपारीही थांबलेला नाही.

तुमचं काम मात्र त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आहे. प्लास्टिकचं कव्हर काढा आणि नीट घडी घालून ठेवा. कॉम्प्युटर म्हणजे घरातला मानकरी. गेल्या दसऱ्याला लावलेलं कुंकवाचं बोट अजून सीपीयूवर सुकून बसलंय. मॉनिटरचं बटण दाबा. 'धुम्म' असा आवाज होईल, काचेवर चटचट वीज खेळेल आणि हात जवळ नेलात तर हातावरचे केस उभे राहतील. हे सगळं ठीक आहे, घाबरू नका.

आता घरात मोठ्याने विचारा, "कुणाला फोन करायचाय का?" हे विचारल्याशिवाय या काळात इंटरनेट लावता येत नाही. फोनची वायर एकच. ती फोनमधून काढून मॉडेममध्ये खोचली की घर जगाला जोडलं जातं आणि नातेवाइकांपासून तुटतं. आजी आतून म्हणते, "दहा मिनिटं हं. मला दादरला फोन लावायचाय." तुम्ही 'हो' म्हणता. दहा मिनिटांत काही होत नाही हे दोघांनाही ठाऊक आहे.

डायल करा. आधी आकडे वाजतील, मग एक लांबलचक 'टूंऽऽऽ', मग किर्रर्र, मग पत्र्यावर खिळा घासल्यासारखा खरखराट. वीसेक सेकंद चालतं हे. कान झाकू नका, नीट ऐका, कारण हा आवाज काही वर्षांनी कुणाच्याच घरात ऐकू येणार नाही. तुमचा मॉडेम आणि तुमच्या इंटरनेट कंपनीच्या कार्यालयातला मॉडेम, दोघं मिळून ठरवतायत की या जुन्या तांब्याच्या तारेवरून किती भरभर बोलता येईल. मॉडेमच्या डब्यावर ५६ लिहिलंय. लागतो तो ४४ ला. आज लाइन चांगली आहे म्हणायची.

समोरच्या इमारतीत, अगदी समोरच्या गॅलरीत तुमचा मामेभाऊ उभा आहे. मध्ये चाळीसेक फुटांची गल्ली. त्याच्या घरीही कॉम्प्युटर आहे, मॉडेम आहे, पण इंटरनेटचं पाकीट दुसऱ्या कंपनीचं. तुम्ही दोघं आज नेटमीटिंग नावाचा प्रोग्रॅम लावून एकमेकांशी बोलणार आहात. कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरशी बोलायला गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून सरकारची परवानगी आहे, तेव्हा यात काही चोरी नाही. त्यासाठी तुम्हाला त्याच्या कॉम्प्युटरचा आकड्यांतला आयपी पत्ता लागेल, आणि तो दर वेळी इंटरनेट लावलं की बदलतो. फोन करून विचारावा तर दोघांचे फोन मॉडेमला बांधलेले. मोबाईलवर येणारे फोन याच महिन्यापासून फुकट झालेत, पण जाणाऱ्या फोनला पैसे पडतात, आणि मोबाईल बाबांच्या खिशात, बाबा ऑफिसात. मग उपाय एकच. मामेभाऊ गॅलरीच्या कठड्यावर ओणवा होतो आणि ओरडतो, "दोनशे तीन! ठिपका!" खाली कलिंगडवाला मान वर करून बघतो. तुम्ही वहीच्या मागच्या पानावर आकडे उतरवून घेता.

हेडफोन राहू द्या, स्पीकर लावा. गॅलरीचं दार उघडंच ठेवा, तीच तर गंमत आहे. मामेभाऊ माइकशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणतो, "हॅलो, ऐकू येतंय का?"

ऐकू आलं. गॅलरीतून. हवेला चाळीस फूट पार करायला सेकंदाचा तिसावा भागही पुरला असेल.

थांबा. स्पीकरकडे बघत राहा.

पाऊण सेकंद जातो, आणि मग पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा तोच आवाज टेबलावरून येतो, "हॅलो, ऐकू येतंय का?"

तोच माणूस, तेच शब्द, दुसऱ्यांदा. मधल्या वेळात तो आवाज होता कुठे?

चला, त्याच्या मागे जाऊ. तुम्ही आता "हो" म्हणा, आणि त्या "हो"च्या खांद्यावर बसा.

कॉम्प्युटरने तुमच्या "हो"चे बारीक तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यावर मामेभावाचा तो ठिपक्याठिपक्यांचा पत्ता चिकटवला. तुकडे तांब्याच्या तारेतून जिन्याखालच्या पेटीत उतरले, फुटपाथखालून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेले आणि तिथून तुमच्या कंपनीच्या कार्यालयातल्या मॉडेमांच्या कपाटात. शेकडो हिरवे दिवे लुकलुकतायत, प्रत्येक दिव्यामागे कुणाचं तरी घर. आणखी एक पेटी पुढे बसलीय, ती राउटर. ती प्रत्येक तुकड्याचा पत्ता वाचते. "हा आपल्या गिऱ्हाइकाचा आहे का? नाही. मग बाहेर."

बाहेर म्हणजे कुठे, हाच खरा प्रश्न आहे. मामेभावाच्या कंपनीचं कार्यालयही याच शहरात आहे, कदाचित याच रस्त्यावर. पण दोन कंपन्यांच्या मध्ये तार नाही. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले तेव्हा प्रत्येकीने आधी एकच सोय पाहिली, अमेरिकेकडे जाणारी वाट. लोकांना बघायच्या त्या साइट सगळ्या तिकडेच. शेजारच्या कंपनीपर्यंत तार टाकायला कुणाला सवड नव्हती, गरज वाटली नव्हती आणि प्रतिस्पर्ध्याशी जोडून घ्यायची हौस तर नव्हतीच. त्यामुळे राउटरच्या लेखी 'बाहेर' या शब्दाचा अर्थ एकच, अमेरिका.

तुम्ही आता काशिनाथ धुरू मार्गावर आहात. इथे क्षणभर अंगाने चालू या, कारण हा रस्ता मला फार आवडतो. कीर्ती कॉलेजजवळच्या गाडीवर कढईत वडे तळले जातायत, बेसनाचा कुरकुरीत चुरा झाऱ्याने निथळून पावात भरला जातोय, लसणाच्या चटणीने डोळ्यांत पाणी येतंय. कॉलेजला सुट्टी लागलीय तरी गाडीभोवती चार-सहा पोरं आहेतच. आणि याच रस्त्यावर लोकमान्य विदेश संचार भवन आहे. वडापाव खाणाऱ्यांपैकी कुणीही त्या इमारतीकडे वर मान करून बघत नाही. समुद्राच्या तळावरून आलेल्या केबल इथे जमिनीवर येतात. देशाचं केवढं तरी बोलणं आणि केवढं तरी टपाल इथून आत-बाहेर करतं. एका हातात वडा घेऊन दुसऱ्या हाताने जगाला टेकता येईल, अशी ही जागा.

तुमचा "हो" त्या इमारतीत शिरला, आता तो विजेचा राहिला नाही, प्रकाशाचा झाला. घट्ट धरा.

पाणी. काळोख. खोल समुद्रातली केबल अंगठ्याएवढी जाड, आत केसाएवढ्या काचेच्या तारा आणि त्यांतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने तुम्ही. फ्लॅग नावाची केबल धरलीत असं समजा, इंग्लंडपासून जपानपर्यंत सुमारे २८,००० किलोमीटर लांब. अरबी समुद्र मागे पडला. अमिरातीतलं फुजैरा. तांबडा समुद्र. सुएझपाशी जमिनीवर चढून इजिप्त ओलांडलात, अलेक्झांड्रियाला पुन्हा पाण्यात. भूमध्य समुद्र, जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि मग इंग्लंडच्या टोकावरचं पोर्थकर्नो नावाचं छोटं गाव. जवळजवळ याच वाटेने १८७० मध्ये मुंबईची तार पोर्थकर्नोला पोचली होती. एडनपासून मुंबईपर्यंतचा तुकडा तेव्हा ग्रेट ईस्टर्न या अवाढव्य जहाजाने टाकला होता. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, तारेच्या जागी काच आली, वाट फारशी हलली नाही.

लंडनहून अटलांटिक. आणि न्यूयॉर्क. तिथे पहाटेचे साडेपाच वाजलेत, रस्ते ओले आणि रिकामे. ६०, हडसन स्ट्रीट. विटांची चोवीस मजली इमारत, १९३० च्या सुमाराला वेस्टर्न युनियन या तार कंपनीसाठी बांधलेली. आता तिच्या मजल्यांवर जगभरच्या कंपन्यांचे राउटर दाटीवाटीने बसलेत. अशाच एखाद्या इमारतीत तुमच्या कंपनीने जिच्याकडून वाट विकत घेतली ती अमेरिकन कंपनी आणि मामेभावाच्या कंपनीने जिच्याकडून घेतली ती, या दोघी एकमेकींना भेटतात. एक तुकडा इकडून तिकडे सरकतो. झालं. एवढ्या एका भेटीसाठी इतका प्रवास.

मग उलटी वाट. अटलांटिक, भूमध्य, इजिप्त, अरबी समुद्र. काही कंपन्यांचा परतीचा रस्ता तर आकाशातून आहे. जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत चढायचं आणि तेवढंच उतरायचं, त्यात आणखी पाव सेकंद जातो. शेवटी मामेभावाच्या कंपनीचं कार्यालय, त्याच्या फोनची तांब्याची तार, त्याच्या जिन्याखालची पेटी, त्याचा स्पीकर. "हो."

गॅलरीतून तुमचा "हो" त्याला केव्हाच ऐकू आलाय. तो हसतोय. तुम्हीही हसताय. आजी दारात येऊन उभी आहे. "समोर तर आहे तो," ती म्हणते, "खिडकीतून बोला की. आणि फोन सोडा आता."

तिचं बरोबर आहे, आणि या सगळ्या गोष्टीत सगळ्यात शहाणं वाक्य तिचंच आहे. समोरच्याशी बोलायला समुद्र का ओलांडायचा? त्यात वेळ जातो हे तुम्ही पाहिलंत. पैसेही जातात, कारण समुद्रातली प्रत्येक इंच वाट कंपनीने डॉलर मोजून भाड्याने घेतलीय आणि ते पैसे शेवटी तुमच्याच पाकिटातून वसूल होतात. गल्लीतल्या दोन पोरांचं "हॅलो" आणि "हो" त्या महागड्या वाटेवर जागा अडवतं, आणि मग ज्याला खरोखर परदेशातलं काही बघायचंय त्याचं पान अर्धं उघडून थांबतं.

उद्या समजा दादरचा पूल आणि मध्य व पश्चिम रेल्वेला जोडणाऱ्या बाकीच्या सगळ्या वाटा काढून टाकल्या, तर काय होईल बघा. तुम्ही मध्य रेल्वेवर, माटुंग्यात. जायचंय माहीमला, पश्चिम रेल्वेवर. सरळ जायला वाट नाही. गाडीत चेंगरत सीएसटीपर्यंत जा, उन्हातून चालत चर्चगेट गाठा, तिथून उलटी गाडी पकडून माहीम. घामाने शर्ट पाठीला चिकटला, दीड तास गेला, आणि निघालात तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर पोचलात. दोन्ही रेल्वे आपापल्या जागी उत्तम चालल्या होत्या. तुटला होता फक्त पूल. या २००३ च्या मे महिन्यात मुंबईच्या इंटरनेटला दादर नाही.

आता थोडं पुढे सरकू. फार नाही, महिनाभर. जूनमध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था उभी राहते. नाव लांबलचक आहे म्हणून सगळे तिला निक्सी म्हणतात. नफा कमवायचा नाही, सगळ्या कंपन्यांना भेटायला जागा द्यायची, एवढंच तिचं काम. पहिली जागा नोएडात. मग मुंबई, चेन्नई, कोलकात्यातही.

अशा एका खोलीत डोकावून या. बाहेर सुरक्षारक्षकाच्या वहीत नाव, वेळ लिहा आणि सही करा. आत गेल्या गेल्या अंगावर काटा येईल, शाल आणायला हवी होती असं वाटेल. बाहेरचा उकाडा या दारापाशी संपतो. यंत्रांच्या पंख्यांचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा सलग चालू, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. वास काहीच नाही, असलाच तर गरम झालेल्या प्लास्टिकचा. डोक्यावर पत्र्याच्या पन्हळींमधून पिवळ्या काचतारा वेलींसारख्या पसरलेल्या. जाळीच्या कपाटात एक चपटी पेटी, तिला रांगेने भोकं आणि प्रत्येक भोकात एकेका कंपनीची तार. हाच तो पूल. बघायला आलेला माणूस पहिल्यांदा जरा हिरमुसतो, मीही हिरमुसले असते. पण त्या पेटीपाशी जरा थांबाच.

दहा कंपन्यांना एकमेकींशी थेट जोडायचं म्हटलं तर पंचेचाळीस तारा लागतील. इथे दहाच पुरतात. प्रत्येकीने आपली एक तार या पेटीपर्यंत आणायची. मग त्यांचे राउटर एकमेकांना सांगत बसतात, "हे पत्ते माझ्याकडे, हे पत्ते माझ्याकडे." स्टॉपवर बस थांबली की कंडक्टर दाराशी येऊन ओरडतो ना, "वरळी नाका, सिद्धिविनायक, दादर!" अगदी तसं. ज्याला जिथे जायचंय त्याने ती बस धरावी. एखाद्या कंपनीचा स्टॉप बंद पडला तर ती ओरडायची थांबते आणि बाकीच्या आपली माणसं दुसऱ्या बसने पाठवतात. रात्रंदिवस हे चालू असतं आणि त्यात माणूस लागत नाही.

तुमच्या आणि मामेभावाच्या कंपन्या इथे जोडल्या गेल्या की पुन्हा "हो" म्हणून बघा. "हो" कंपनीच्या राउटरपर्यंत गेला, राउटरने पत्ता वाचला, बाहेर. पण आता 'बाहेर' म्हणजे शहरातल्याच या गार खोलीत. पेटीच्या एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर, आणि थेट मामेभावाकडे. इजिप्त नाही, अटलांटिक नाही. मॉडेमचा उशीर उरतो तेवढाच. आजीचा फोन मात्र अजून अडकलेलाच.

तोही सुटेल. २००५ चं साल लागलं की त्याच फोनच्या तारेवर ब्रॉडबँड येतं, आणि बोलता बोलता इंटरनेट चालू ठेवता येतं. त्या दिवसांची चव घ्यायची तर मुंबई सोडा आणि सांगलीला चला, एखाद्या घरात, रात्री पावणेदोनला. सगळं घर झोपलंय. गादीखाली ठेवलेलं गजराचं घड्याळ वाजायच्या आत दाबून टाका. बीएसएनएलच्या ५०० रुपयांच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवून घ्या, हिशेब नाही. अंधारात मॉडेमचे चार दिवे, बाहेर रातकिडे, मच्छरदाणीत धाकट्या भावाचं घोरणं. दोन वाजून एक मिनिटाने तुम्ही एक सिनेमा लावता आणि पडद्यावरचा आकडा हळूहळू चढताना बघत पेंगत बसता. त्या वेळी गावोगावच्या किती खोल्यांमध्ये असा एकेक चेहरा निळ्या उजेडात जागा असेल! दिवसा कुणी त्याबद्दल बोलत नसे, पण वर्गात पहिल्या तासाला जांभया देणारे एकमेकांना ओळखत.

आणखी एकच थांबा. ३० जानेवारी २००८. अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटतात, त्यातली एक फ्लॅग. मुंबईतल्या कार्यालयांमध्ये लोक उठून उभे राहतात, माऊस आपटतात, चहा मागवतात. पश्चिमेकडे जाणारी वाट जवळपास निम्मी बंद. सगळ्यांचे डोळे पूर्वेकडच्या, सिंगापूरच्या वाटेकडे, आणि तिथे तोबा गर्दी. पण ज्या टपालाला मुंबईतून मुंबईतच जायचंय आणि जे त्या गार खोलीत वळतंय, त्याला अलेक्झांड्रियात काय झालं याच्याशी काही देणंघेणं नाही. ते आपलं गुपचूप पोचतंय. पूल कशासाठी बांधायचा हे त्या दिवशी फार स्वच्छ दिसलं.

आता परत या. घाम पुसा. तुमच्या घरात आज भिंतीवर एक पांढरी डबी आहे, तिच्यातून निघालेली काचतार जिन्यातून खाली जाते, गल्लीतल्या पेटीत आणखी काही घरांच्या तारांना मिळते, तिथून कंपनीच्या कार्यालयात आणि मग एखाद्या एक्स्चेंजमध्ये. मुंबईत आज अशी एकाहून जास्त एक्स्चेंज आहेत. फ्रँकफर्टचं मोठं एक्स्चेंज चालवणाऱ्या डी-सीआयएक्सनेही इथे आपलं दुकान मांडलंय. मोठ्या साइटनी आपल्या प्रती आता याच शहरात आणून ठेवल्यात, म्हणून क्रिकेटचा सामना बघताना चित्र समुद्र ओलांडत नाही.

तरी सगळे पूल बांधून झालेत असं समजू नका. महाराष्ट्राच्या कितीतरी गावांत शेजाऱ्याचं टपाल शेजाऱ्याला द्यायला अजून मुंबईपर्यंत फेरी होते. काही कंपन्या आजही एकमेकींना सिंगापुरात जाऊन भेटतात. आज रात्री एक करा. कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडा, 'ट्रेसर्ट' ही आज्ञा द्या आणि पुढे आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या बँकेचा किंवा कॉलेजचा पत्ता लिहा. वाटेतला एकेक थांबा ओळीने उमटेल, प्रत्येकासमोर लागलेला वेळ. मध्येच आकडा एकदम उडी मारून वर गेला आणि तिथे परदेशातल्या शहराचं नाव दिसलं, तर सकाळी आपल्या इंटरनेट कंपनीला फोन लावा आणि विचारा, "तुम्ही आपल्याकडच्या कुठल्या एक्स्चेंजला जोडलेले आहात?" उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.